नाव घ्यायचं की नाही?

दिवाळी अंकासाठी मी दोघांकडून मिळून एकच लेख मागितला होता. विषय : रशियन भाषेतल्या साहित्यात आणि संस्कृतीत समलिंगी, ट्रान्स, एकूण क्वीअर माणसं कशी येतात आणि त्यांचा अभ्यास कसा चालतो. एक बाई, पुण्यात हयातभर रशियन शिकवून निवृत्त झालेल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या स्वतः मॉस्कोत शिकायला होत्या. दुसरा त्यांचाच विद्यार्थी निखिल, सध्या जर्मनीत याच विषयावर पीएचडी करतोय. लेख आला नाही. ‘पहिल्या वाक्यावरच अडलंय’ असा निरोप आला. मग निखिल सुट्टीवर आला तेव्हा दोघांना बाईंच्या घरी समोरासमोर बसवलं, फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि गप्प बसायचं ठरवलं. ते फारसं जमलं नाही, कंसांत दिसेलच.

बाई : मला आधी हे सांग, गोगोल कोणावर प्रेम करायचा याच्याशी वाचकाचं काय देणंघेणं?

निखिल : बाई, गोगोलपासून नको ना. आमच्या विषयातलं सगळ्यात वादग्रस्त उदाहरण आहे ते.

बाई : म्हणूनच तिथून. सायमन कार्लिन्स्कींचं गोगोलवरचं पुस्तक आलं १९७६ मध्ये, हार्वर्डनं छापलेलं. माणूस विद्वान, त्यात वाद नाही. हार्बिनमध्ये जन्मलेला रशियन, पुढे बर्कलीला प्राध्यापक. पण गोगोल समलिंगी होता ही किल्ली एकदा हाती लागल्यावर त्यांना सगळीकडे त्याच किल्लीची कुलपं दिसायला लागली. ‘लग्न’ नाटकातला नवरदेव ऐन वेळी खिडकीतून उडी टाकून पळतो, कारण काय, तर लेखकाला बायकांचं भय. ‘नाक’ कथेत कोवाल्योवचं नाक हरवतं, त्याचंही मूळ तेच. अरे, मग गोगोलचा विनोद गेला कुठे?

निखिल : ‘व्हिलातल्या रात्री’ तुम्हीच मला वाचायला दिलं होतंत. १८३९ साल, रोम. योसिफ व्येलगोर्स्की क्षयानं मरतोय, विशीतला पोरगा. गोगोल रात्र रात्र त्याच्या उशाशी बसून आहे आणि ते लिहून ठेवतोय. तो मजकूर गोगोलच्या हातचा आहे, कार्लिन्स्कींनी रचलेला नाही.

बाई : मरणाऱ्या मित्राच्या उशाशी बसलेला माणूस. त्या काळी मित्र मित्राला कसल्या भाषेत पत्रं लिहायचे, ते तुला माहीत आहे. आपल्याकडे दोन पुरुष एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रस्त्यानं जातात, त्याचा अर्थ तुझे जर्मन प्राध्यापक काय लावतील?

निखिल : काही लावू नये. कबूल. पण हा संकोच पुश्किनच्या वेळी कुठे जातो? त्यानं एक ओळ लिहिली, की ती कोणत्या बाईसाठी, यावर दीडशे वर्षं कागद काळे होतायत. तिथे कुणी म्हणत नाही, वाचकाला काय करायचंय म्हणून.

(बाई हसल्या, पण गोगोलवरून हलल्या नाहीत. माझंही मत त्यांच्याकडेच झुकतं. तो मजकूर काळीज पिळवटतो, पण त्यातून निदान निघत नाही.)

निखिल : गोगोल ठेवू बाजूला. रियाझानोवचा नव्या वर्षाचा सिनेमा घ्या.

बाई : ‘इरोनिया सुद्बी’! दारू पिऊन मॉस्कोऐवजी लेनिनग्राडच्या फ्लॅटमध्ये जाऊन झोपणारा डॉक्टर. आम्ही होस्टेलच्या टीव्हीवर पाहिला. सगळ्या पोरींना गाणी पाठ.

निखिल : त्यातलं आरशासमोरचं गाणं आठवा. आवाज पुगाचोवाचा, चाल तारिवर्दियेवची, कविता त्स्वेतायेवाची, १९१५ सालची. ती ‘पद्रूगा’ म्हणजे ‘मैत्रीण’ या मालेतली आहे, आणि ती अख्खी माला लिहिली गेली सोफिया पार्नोकसाठी. सिनेमा टीव्हीवर आला १ जानेवारी १९७६ ला. पुढे १९८४ मध्ये रियाझानोवनंच ओस्त्रोव्स्कीच्या नाटकावरून ‘झेस्तोकी रोमान्स’ काढला. त्यात नायिकेच्या तोंडी मखमली पांघरुणातल्या आठवणीचं गाणं आहे. तेही याच मालेतलं. समलिंगी संबंधांसाठी पुरुषांना पाच वर्षं आत टाकणारं कलम लागू होतं तेव्हा, आणि एका बाईनं दुसऱ्या बाईवर केलेल्या कविता देशभर घराघरांत गुणगुणल्या जात होत्या. आणि अख्खी माला छापून आली कुठे, तर पॅरिसला. सालही १९७६.

बाई : मला हे पुष्कळ नंतर कळलं. पण गंमत बघ, तुला यात लपवाछपवी दिसते, मला कवितेची ताकद दिसते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. प्रत्येकीनं ते गाणं आपलं म्हणून घेतलं.

निखिल : त्स्वेतायेवाला घेतलं. पार्नोकला कुणी घेतलं? १९२८ चा तिचा शेवटचा संग्रह, ‘फपोलगोलसा’, दबक्या आवाजात. प्रती दोनशे. १९३३ मध्ये ती मॉस्कोजवळच्या एका खेड्यात वारली. त्यानंतर तिच्या कवितांचं मोठं पुस्तक आलं ते १९७९ मध्ये, अमेरिकेत, मिशिगनच्या आर्डिस प्रकाशनाकडून.

बाई : आणि ते सिद्ध केलं लेनिनग्राडमध्ये बसून, सोफिया पोल्याकोवांनी. मूळच्या ग्रीक आणि बायझंटाइन साहित्याच्या अभ्यासक. म्हणजे ज्या काळात तुझा विषयच अस्तित्वात नव्हता, त्या काळात एका शहाण्या बाईनं कविता बऱ्या वाटल्या म्हणून जमवल्या, पाठभेद लावले, बाहेर धाडल्या. यात ‘ओळख’ कुठे आली?

निखिल : १९८३ मध्ये त्याच बाईंनी त्स्वेतायेवा आणि पार्नोक यांच्यावर पुस्तक लिहिलं, दोघींची नावं शेजारी शेजारी ठेवून. कुठली कविता कुणासाठी आणि कधी, हे लावल्याशिवाय त्यांना पाठभेदसुद्धा लावता आले नसते. नाव घेणं हा माझा हट्ट नाही हो, संपादनाचं काम आहे.

बाई : हं. हे बरोबर आहे.

(एक गोष्ट मराठी वाचकाच्या पथ्यावर पडते, ती सांगून टाकतो. रशियनमध्ये भूतकाळ आला की क्रियापद बोलणाऱ्याचं लिंग सांगून टाकतं, जसं आपलं ‘मी आलो’ आणि ‘मी आले’. इंग्रजी वाचकाला इथे तळटीप लागते, आपल्याला लागत नाही. त्या पांघरुणाच्या गाण्यात बोलणारी बाई आहे हे कळतं, पण समोरच्याला ती आदरार्थी हाक मारते, त्यामुळे तो की ती हे कुठेच उघड होत नाही. सेन्सॉरला धरायला काही राहत नाही.)

निखिल : झिनाईदा गिप्पिउसनं तर बहुतेक कविता पुरुषी ‘मी’मध्ये लिहिल्या. ‘आलो, गेलो, थकलो.’

बाई : तिच्यापेक्षा दुरोवा घे. नदेझ्दा दुरोवा, घरातून पळून घोडदळात गेली, नेपोलियनविरुद्ध लढली. झारनं स्वतः अलेक्झांद्रोव हे नाव दिलं. पुश्किननं १८३६ मध्ये तिच्या आठवणींचा भाग ‘सव्रेमेन्निक’मध्ये छापला. मी वर्गात दर वर्षी शिकवायचे.

निखिल : ‘तिच्या’ म्हणालात.

बाई : पुस्तकात ती स्वतःबद्दल बाईसारखीच बोलते. क्रियापदं बघ.

निखिल : पुस्तकात. लढाया संपल्यावर मरेपर्यंत, म्हणजे १८६६ पर्यंत, पुरुषी वेषात आणि अलेक्झांद्रोव या नावानं राहिलेला माणूस पुस्तकाबाहेर आहे. मराठीत भाषांतर करायला घेतलंत तर प्रस्तावनेत काय लिहाल, ‘त्या वारल्या’ की ‘ते वारले’?

बाई : (थोडं थांबून) पुस्तकात ‘मी घोड्यावर बसले’च राहील. मूळ बदलायचा मला अधिकार नाही. प्रस्तावनेत तू म्हणतोस तो प्रश्न मांडेन. उत्तर देणार नाही.

निखिल : चालेल. मला उत्तर नकोच आहे.

(मला वाटलं, इथे दोघं एकाच बाजूला आले. तेवढ्यात कुझ्मिन निघाला.)

बाई : कुझ्मिन मला मनापासून आवडतो, म्हणून सांगते. त्याची कादंबरी ‘क्रिल्या’, पंख. १९०६ मध्ये ‘वेसी’ मासिकात आली. वान्या नावाचा अनाथ शाळकरी पोरगा, पीटर्सबर्ग, मग व्होल्गाकाठची जुन्या पंथाची माणसं, मग इटली. श्त्रूप नावाचा गृहस्थ, त्याच्याभोवती गूढ. गदारोळ झाला, कारण शेवटी वान्या त्याच्याबरोबर जायचं ठरवतो आणि त्याचं काहीही वाईट होत नाही.

निखिल : तेच महत्त्वाचं. कुणी झुरून मरत नाही, कुणाला शिक्षा होत नाही, कुणी पश्चात्ताप करत नाही. १९०६ मध्ये! त्या काळात युरोपात दुसरीकडे अशा नायकाला बहुधा विष तरी घ्यावं लागे.

बाई : पण जीव देतं कुणीतरी दुसरंच. इडा नावाची मुलगी आत्महत्या करते, आठवतं? तुम्ही सगळे श्त्रूप आणि वान्यावर लिहिता, त्या पोरीवर एक परिच्छेद नाही. मला हीच भीती असते. विषय ठरला की डोळे तेवढंच बघतात. कुझ्मिन संगीतकार होता, जुन्या पंथाच्या प्रार्थना त्याला तोंडपाठ, अलेक्झांड्रियावर गीतं लिहिली, १९२९ मध्ये ‘मासा बर्फ फोडतो’सारखी विलक्षण मालिका प्रसिद्ध केली. त्याला एका खणात ठेवलास तर बाकीचा कुझ्मिन कुठे ठेवशील?

निखिल : इडाबद्दलचं मान्य, लिहून घेतो. पण बाकीचा कुझ्मिन आपल्याला मिळाला कसा? माल्मस्टॅड आणि बोगोमोलोव यांनी चरित्र लिहिलं, डायरी संपादित झाली, तेव्हा. सोव्हिएत काळात त्याचा एकही खण शिल्लक नव्हता. १९३६ मध्ये तो वारला, १९३८ मध्ये त्याच्या जोडीदाराला, युर्कुनला, गोळ्या घातल्या. तुमच्या होस्टेलच्या लायब्ररीत कुझ्मिन होता?

बाई : नव्हता. नाव एका प्राध्यापकांच्या तोंडून ऐकलं, तेही आख्मातोवाबद्दल बोलताना, जाता जाता.

निखिल : आणि ते ‘जाता जाता’ कसं तयार झालं, याला तारखा आहेत. क्रांतीनंतर १९२२ च्या फौजदारी संहितेतून हे कलम गळलं. १९३३ च्या डिसेंबरात पुन्हा आणायचं ठरलं, १९३४ मध्ये लागू झालं, पुरुषांपुरतं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. त्याच वर्षी गॉर्कीनं वर्तमानपत्रात त्याची तळी उचलली. त्याच वर्षी हॅरी व्हाइट नावाच्या स्कॉटिश कम्युनिस्टानं, जो मॉस्कोत इंग्रजी वर्तमानपत्रात काम करत होता, स्टालिनला लांबलचक पत्र लिहिलं : समलिंगी माणूस पक्षाचा सभासद होऊ शकतो का, मार्क्सवादी मुद्द्यांसकट. स्टालिननं त्यावर दोन शिव्या लिहिल्या आणि कागद दफ्तरी टाकायला सांगितला. तो उजेडात आला १९९३ मध्ये, कलम रद्द झालं त्याच वर्षी.

बाई : इतिहास म्हणून हे सगळं मला पटतं. डॅन हीलीचं पुस्तक मी वाचलंय, कोर्टाचे कागद चाळून लिहिलेलं. पण तो इतिहास झाला. साहित्य त्यातून कुठे उगवतं ते दाखव.

निखिल : येवगेनी खारितोनोव. तुमच्याच मॉस्कोत, तुम्ही होतात तेव्हा.

बाई : हो. कधी भेट झाली नाही. मूकनाट्य करायचा, बहिऱ्या नटांना घेऊन नाटक बसवलं होतं.

निखिल : दिवसा भाषणदोषांवर संशोधन, रात्री टंकलेखन यंत्र. मला त्याची टंकलिखितं बघायला फार आवडतात. शब्द मध्येच तुटतो, रेघ खाली सरकते, एखादं वाक्य समासात जाऊन बसतं, ठसे एकमेकांवर चढतात. छापखाना कधी मिळणारच नाही हे ठाऊक असलेल्या माणसानं यंत्रालाच छापखाना करून टाकलं. संग्रहाचं नाव ‘नजरकैदेत’. १९८१ च्या जूनमध्ये चाळिसाव्या वर्षी, मॉस्कोतल्या पुश्किन रस्त्यावर हृदय बंद पडून गेला. जिवंतपणी स्वतःचं गद्य देशात छापून आलेलं बघितलं नाही. दोन खंड आले १९९३ मध्ये. बाई, या माणसाचं वाक्य वाचताना पुरुषांना आत टाकणारं ते कलम १२१ बाजूला ठेवून दाखवा. त्याची वाक्यरचना त्या भीतीतूनच आली आहे.

(बाई यावर काही बोलल्या नाहीत. उठून चहा टाकायला गेल्या. निखिलचा हा सर्वांत पक्का मुद्दा होता आणि तो बसला. गोगोलमध्ये शोधावं लागतं, खारितोनोवमध्ये पानावरच दिसतं. दोन्हीला एकच मोजमाप लावल्यामुळे या विषयाची बदनामी झाली आहे, असं माझं मत.)

बाई : (चहा घेऊन येत) आता मला आजचं बोलायचंय. तुला वाटत असेल, बाई जुन्या वळणाच्या. तसं नाही. ओक्साना वास्याकिनाची ‘राना’ मी दोनदा वाचली. २०२१ ची कादंबरी. मुलगी आईची राख घेऊन व्होल्गोग्रादहून सैबेरियात जाते. ती मुलगी बायकांवर प्रेम करते हे पहिल्यापासून उघड आहे, त्याचा गाजावाजा नाही. मला ती आईची कादंबरी वाटली.

निखिल : दोन्ही आहे, आणि एकाच वाक्यात आहे. खारितोनोवच्या चाळीस वर्षांनंतर कुणाला असं लिहिता आलं.

बाई : किती दिवस?

निखिल : (हसत) तोच तर मुद्दा. २०१३ चा कायदा अल्पवयीन मुलांपुढच्या ‘प्रचारा’बद्दल होता. त्याच वर्षी सांस्कृतिक मंत्र्यांनी सांगितलं, त्चायकोव्स्की तसा असल्याचा पुरावाच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बंदी सर्व वयांना लागू झाली. ३० नोव्हेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं बंद दाराआड ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली. अशी नोंदलेली संघटना अस्तित्वातच नाही, त्यामुळे सभासद कुणालाही ठरवता येतं.

बाई : आणि मधेच ते पायोनियर कॅम्पचं पुस्तक.

निखिल : ‘लेतो व पियोनेर्स्कम गाल्स्तुके’. मालिसोवा आणि सिल्वानोवा, दोघींनी मिळून. आधी इंटरनेटवर फॅनफिक्शनच्या साइटवर, मग २०२१ मध्ये पुस्तक. १९८६ सालचा खारकिवजवळचा मुलांचा कॅम्प, दोन मुलगे, पहिलं प्रेम. दोन लाखांवर प्रती खपल्या. मग लेखिका ‘परकीय हस्तक’ ठरल्या, देश सुटला. मे २०२५ मध्ये तर प्रकाशन व्यवसायातल्या लोकांवर अतिरेकी संघटनेच्या कलमाखाली गुन्हे दाखल झाले.

बाई : साहित्य म्हणून सुमार आहे हं ते.

निखिल : असेल. मी पुस्तकावर लिहीत नाहीये, वाचणाऱ्यांवर लिहितोय. दोन लाख लोकांना सुमार पुस्तकात काय मिळालं?

बाई : मला तर त्या पासोलिनीच्या चरित्राचं कौतुक वाटलं.

निखिल : २०२४ चं. इटालियनमधून रशियनमध्ये भाषांतर झालेलं. प्रकाशकानं वगळलं काहीच नाही, कायद्यात बसत नाही तेवढ्यावर काळ्या पट्ट्या छापल्या. पुस्तकाचा जवळपास पाचवा भाग. काही पानं वरपासून खालपर्यंत काळी. माझ्याकडे एक प्रत आहे. एका पानावर फक्त ‘आणि’ शिल्लक आहे आणि एक स्वल्पविराम.

बाई : गुपचूप कापलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पट्टी दिसते, म्हणजे इथे काहीतरी होतं हे दिसतं. बघ, हेच मी सकाळपासून सांगतेय. न बोलण्याचेही प्रकार असतात. प्रत्येक मौन म्हणजे भित्रेपणा नाही.

निखिल : आणि प्रत्येक मौन कुणीतरी केलेलं असतं, हे मी सांगतोय. पट्टी मारणारा हात कुणाचा, ते लिहायला नको?

बाई : लिही. मेलेल्यांचं सगळं लिही. मला आता त्यांची काळजी नाही. जिवंत आहेत त्यांचं काय? तुझ्या प्रबंधात त्या पायोनियर कॅम्पच्या पुस्तकाच्या वाचकांच्या मुलाखती आहेत ना? रशियातल्या?

निखिल : काही रशियातल्या, काही कझाकस्तानातल्या. नावं बदलली आहेत. विद्यापीठ म्हणतं, संशोधनाची सामग्री खुल्या संग्रहात ठेवा, म्हणजे इतरांना तपासता येईल.

बाई : अजिबात नाही.

निखिल : पण बाई, कुझ्मिननं डायरी ठेवली नसती तर? १९३३ मध्ये त्यानं ती सरकारी साहित्य संग्रहालयाला विकली, पोटासाठी. त्यामुळे ती उरली. नाहीतर तुम्हाला आणि मला फक्त ‘जाता जाता’च उरलं असतं.

बाई : विकली, आणि नंतर काही काळ ती गुप्त पोलिसांच्या ताब्यात गेली. त्यात कोण कोण घरी यायचं, कोण कुणाबरोबर, तारखेसकट. डायरी त्याची होती, कबूल. पण त्यातली माणसं? त्यांना विचारलं होतं कुणी? तुझ्या विषयाचा अर्धा पुरावा पोलिसांच्या दफ्तरातून आलाय, निखिल. हीलीसुद्धा खटल्यांचेच कागद वाचत होता. आज तू नवं दफ्तर तयार करतोयस.

(इथे निखिल पहिल्यांदा गप्प झाला. मीही. गेल्या शतकाबद्दल मी त्याच्या बाजूनं आहे, या शतकाबद्दल बाईंच्या. आणि हे दोन्ही एकाच प्रबंधात बसतं का, ते मला माहीत नाही.)

निखिल : पन्नास वर्षं बंद ठेवतो. सीलबंद.

बाई : कुलूप कुणाच्या हातात? पन्नास वर्षांत तिथलं सरकार बदलेल, तुझं विद्यापीठ बदलेल, सर्व्हर कुठल्या देशात जाईल कुणी सांगावं? आण तो कागद इकडे. एक नमुना दाखव.

(निखिलनं लॅपटॉप उघडला. बाईंनी चष्मा बदलला. पुढचा अर्धा तास लेखाचा विषय निघालाच नाही. दोघं एका मुलाखतीच्या पहिल्या परिच्छेदावर वाकून बसले होते.)

बाई : वय राहू दे. गाव काढ.

निखिल : गावाऐवजी ‘उरलजवळचं शहर’ केलंय.

बाई : उरलही काढ. आणि हे काय, ‘शाळेच्या ग्रंथालयात काम करते’? हे तर आधी काढ. ज्याला शोधायचंय तो चार शाळा फिरेल.

निखिल : ग्रंथालय काढलं तर पुस्तक तिच्या हाती कसं आलं आणि तिनं ते कुठल्या कपाटात, कुठल्या वेष्टनात ठेवलं, हे सगळंच जातं. तिसरं प्रकरण त्यावरच उभं आहे, बाई.

बाई : मग तिसरं प्रकरण नव्यानं लिही.

निखिल : आणि तिनं स्वतःच सांगितलं असेल तर, की हे लिहा, माझं काम लिहा?

बाई : सांगितलंय तिनं असं?

निखिल : हो. मुलाखतीच्या शेवटी. खाली सरका, दिसेल.